सिंगापूरचा शेजार



सकाळपासून सगळे विचारताहेत, "सिंगापूर कसं आहे?" चकाचक आहे, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलंच आहे. मी तिथल्या शेजाराबद्दल बोलते.

आधी माप सांगते. आपल्या वाशिम जिल्ह्यात सिंगापूरसारखे सहा देश मावतील. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सुमारे १२ लाख माणसं होती. तिथे ६० लाख राहतात. शेती जवळजवळ नाहीच. डाळ, तांदूळ, भाजी सगळं बाहेरून येतं. पाण्याचाही मोठा वाटा मलेशियातून नळाने येतो. बंदर, व्यापार, कारखाने, बँका आणि आमच्यासारख्यांचं सॉफ्टवेअर, यावर तो देश चालतो.

तिथल्या कायम रहिवाशांत चारांतले तीन चिनी वंशाचे. बाकी मलय आणि आपल्याकडचे, त्यांत तमिळ जास्त. मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी या चार राजभाषा आहेत. पण ही माणसं पहिल्यापासून गुण्यागोविंदाने राहत होती असं नाही. १९६४ साली तिथे चिनी आणि मलय लोकांत दंगली झाल्या, माणसं मेली. पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट १९६५ ला, तो देश मलेशियातून वेगळा झाला.

आज तिथले दहातले जवळजवळ आठ रहिवासी सरकारने बांधलेल्या इमारतींत राहतात. १९८९ पासून नियम असा की एका इमारतीत कोणत्या समाजाची किती घरं, याला मर्यादा. म्हणजे एकाच समाजाची वस्ती होऊ द्यायची नाही.

या नियमाचा चटका आम्हालाही बसला. घर पसंत पडलं, भाव जमला, मग कळलं की त्या इमारतीतली भारतीयांची मर्यादा भरली आहे. मी फार चिडले. पण त्याआधी भाड्याचं घर शोधताना एका मालकाने फोनवरच सांगितलं होतं, "भारतीय नकोत." तेव्हा वाटलं होतं, याला कोणी नियम लावणारं नाही का? एक नियम टोचला, दुसरा हवासा वाटला. दोन्ही वेळी मी तीच होते.

शेवटी दुसरीकडे घर मिळालं. शेजारी एक मलय काकू आहेत, समोर एक चिनी आजोबा. दिवाळीत शंकरपाळे देताना काकूंना चालतील ना, हे मी आधी विचारते. ईदला त्यांच्याकडून डबा येतो, तेव्हा त्याही आम्हाला विचारूनच पाठवतात. प्रेम नंतर आलं. आधी जिना एक झाला.

सगळं गोडच आहे असं मात्र नाही. त्या इमारती बांधणारे तमिळनाडूचे आणि बांगलादेशचे मजूर या जिन्यावर राहत नाहीत. ते गावाबाहेरच्या मोठ्या वसतिगृहांत, एका खोलीत कितीतरी जण राहतात. २०२० च्या कोरोनात सगळ्यांत जास्त रुग्ण तिथेच निघाले. तेव्हा मला आपलं गाव आठवलं.

आपल्या सरांनी आपल्याला जात, आडनाव न पाहता उंचीप्रमाणे बाकावर बसवलं होतं. आमच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या डब्यातली ज्वारीची भाकर आणि ठेचा मी तीन वर्षं खाल्ला. पण शाळा सुटली की ती तिच्या वस्तीत आणि मी माझ्या. तिच्या घरी मी कधीच गेले नाही. कोणी अडवलं नव्हतं. जायचं नसतं, एवढं न सांगता माहीत होतं. सिंगापूरच्या नियमावर चिडताना मला हे आठवलं आणि राग थोडा उतरला. आपल्याकडेही नियम होताच, फक्त उलटा होता आणि कुठे लिहिलेला नव्हता.

काल रात्री मी जऊळक्यात तिच्याच घरी मुक्कामाला होते. एवढं साधं काम करायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

सर, बाकावर तुम्ही आम्हाला एकत्र बसवलंत. पुढचं काम आमचं होतं, ते राहून गेलं. निदान आपल्या मुलांना तरी एकमेकांच्या घरी जेवायला पाठवू या.