बुरशीशी तडजोड नाही



मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण कामगारांच्या खोल्यांतून आणि रुग्णालयांच्या बाकांवर झाले. तेथे चूक करून शिकलेली एक गोष्ट आज सांगतो.

मूत्रपिंडे निकामी झाली की रक्त शुद्ध करण्याचा एक मार्ग पोटातून जातो. पोटात कायमची नळी बसवतात. तिच्यातून सुमारे दोन लिटर द्रव आत सोडायचा आणि काही तासांनी काढून टाकायचा. असे बहुधा दिवसातून चार वेळा. यंत्रमागावरचे माझे एक सहकारी हे घरीच करीत. यंत्रावरच्या डायलिसिसला आठवड्यातून तीनदा रुग्णालयात जावे लागते. म्हणजे तेवढे खाडे. ती नळी ही त्यांची भाकरी होती.

एके दिवशी निघालेला द्रव गढूळ दिसला, पोट दुखू लागले. तपासणीत कँडिडा नावाची बुरशी सापडली. डॉक्टर म्हणाले, "नळी आजच काढू." सहकारी म्हणाले, "औषध द्या, पण नळी राहू द्या." मीही त्यांचीच बाजू घेतली. तडजोड घडवणे हे तर माझे कामच! त्यात दोन दिवस गेले.

मग डॉक्टरांनी समजावले. बुरशी नळीवर चिकट थर करून बसते. तेथे औषध पुरेसे पोचत नाही. म्हणून नळी ताबडतोब काढायची, त्यानंतरही निदान दोन आठवडे फ्लुकोनाझोलसारखे बुरशीनाशक द्यायचे आणि तोवर यंत्रावर डायलिसिस करायचे. उशीर जिवावर बेततो. आमचे सहकारी वाचले. पण पोटातला पडदा चिकटला होता, नळी पुन्हा बसली नाही.

या दुखण्याआधी त्यांनी दुसऱ्या आजारासाठी प्रतिजैविके घेतली होती. ती औषधे बुरशीला आवरून धरणारे जंतूही मारतात. म्हणून अशा रुग्णाने स्वतःच्या मनाने ती घेऊ नयेत. डॉक्टरांनी दिली, तर सोबत बुरशीपासून संरक्षणाचे औषध हवे का, हे विचारावे. हात धुवावेत, तोंडाला मास्क बांधावा. पिशवी गढूळ दिसली, तर ती घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आणि मालकांना माझे सांगणे एवढेच : त्या दिवसाचा पगार कापू नका. पगाराच्या भीतीने माणूस उद्यावर ढकलतो. बुरशी मात्र उद्याची वाट पाहत नाही.