जुन्या कागदाचे मोल
(वार्षिक देणगीदार मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला ताळेबंद वाचता येतो, क्ष-किरणाची फिल्म नव्हे. तरीही आज एका दुर्मीळ आजाराविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे. कारण त्याने माझ्या हिशेबातील एक चूक मला दाखवून दिली.

गतवर्षी साठीच्या घरातील एक गृहस्थ आपल्या कान-नाक-घसा विभागात आले. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येई आणि त्या बाजूचा गाल सुजून बधिर झाला होता. उन्हाने घोळणा फुटतो, अशी घरच्यांची समजूत. पूर्वीचा आजार विचारता ‘काही नाही’ असे उत्तर मिळाले. मात्र कुशीवरील जुना व्रण पाहून डॉक्टरांनी पुन्हा विचारले, तेव्हा अकरा वर्षांपूर्वी येथेच त्यांचे एक मूत्रपिंड काढल्याचे कळले. ‘गाठ होती, ती गेली,’ एवढेच कुटुंबाच्या स्मरणात होते.

दहा वर्षांपूर्वीच्या फाइली रद्दीत काढण्याच्या टिपणावर माझीच सही झालेली होती. सुदैवाने गठ्ठे अद्याप उचलले गेले नव्हते. आमच्या नोंदलिपिकांनी दोन दिवस शोधून ती फाइल काढली. आत मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा अहवाल होता.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितले ते असे : नाकाभोवतालच्या हाडांत सायनस नावाच्या हवेच्या पोकळ्या असतात. अन्य अवयवातील कर्करोग तेथे पोहोचणे अत्यंत विरळा. परंतु तसे घडल्यास मूळ स्थान बहुधा मूत्रपिंड असते आणि गालाच्या हाडातील पोकळी सर्वाधिक वेळा बाधित होते. मूत्रपिंड काढल्यानंतर दहा वर्षांनीही हा रोग डोके वर काढू शकतो. अशी गाठ रक्तवाहिन्यांनी भरलेली असल्याने पूर्वकल्पनेवाचून तिचा तुकडा काढल्यास मोठा रक्तस्राव संभवतो. फाइल हाती आल्यामुळे आधी स्कॅन झाले, रक्ताची तजवीज झाली आणि मगच तुकडा तपासणीस गेला. निदान जुन्या अहवालाशी जुळले.

रोग समूळ बरा होईल, असे आश्वासन कोणीही दिले नाही. परंतु किरणोपचाराने रक्तस्राव थांबला, वेदना सुसह्य झाल्या आणि औषधोपचार सुरू आहेत. निर्धन रुग्ण निधी व आपल्या देणग्या यांमुळे त्या कुटुंबाला कर्ज काढावे लागले नाही.

माझे टिपण मी मागे घेतले आहे. नोंदकक्षावरील खर्च मी आजवर केवळ खर्चाच्या बाजूला मांडत आलो. तो ठेवाही आहे, हे मला उशिरा उमगले. यंत्रसामग्रीस देणगी देणारे हात पुष्कळ आहेत; यंदा काही हात फाइलींच्या कपाटांसाठीही पुढे यावेत, ही विनंती.

रुग्णांच्या आप्तेष्टांना एवढेच सांगणे : नाकातून येणारे प्रत्येक रक्त कर्करोगाचे नसते, बहुतेक वेळा कारण साधेच असते. मात्र एकाच बाजूने ते वारंवार येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि जुना आजार न विसरता सांगा. डिस्चार्ज कार्ड व गाठीचा अहवाल शिधापत्रिकेइतकाच जपून ठेवा. गाठ गेली, तरी कागद जाऊ देऊ नका.