गोष्टीतील अपंग मूल



संग्रामपूरच्या मुलांसाठी गोष्टीची पुस्तके निवडताना आपण एक प्रश्न विचारला पाहिजे. अपंग मूल बरे झाले, तरच गोष्ट गोड होते काय? योहाना स्पिरी यांच्या 'हायडी'त चाकाच्या खुर्चीतील क्लारा शेवटी चालू लागते. परंतु ज्या मुलाचे पाय कधीच चालणार नाहीत, त्याने यातून काय घ्यावे?

तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' (१९८१) मराठीतही आले आहे. त्यातील ताकाहाशीची उंची वाढत नाही. मुख्याध्यापक कोबायाशी खेळच असे आखतात, की आखूड हातापायांचा ताकाहाशी पहिला येतो. मूल बदलत नाही, खेळ बदलतात.

आपल्या परंपरेत कौशांबीची खुज्जुत्तरा आहे. दासी, पाठीला कुबड. ऐकलेला धम्म ती राणी सामावतीला व तिच्या सख्यांना सांगे. बहुश्रुत उपासिकांत तथागतांनी तिला अग्रस्थान दिले. कुबड आड आले नाही.

समता म्हणजे दया नव्हे. अशा गोष्टी आपण मुलांना वाचून दाखवू या. आणि ज्या विहाराला नुसत्या पायऱ्या आहेत, तेथे शेजारी उतारही बांधू या.

जयभीम!