टबातलं गरम पाणी



पिक्चरमधला माणूस श्रीमंत झाला की आधी टबात उतरतो. १९८३च्या 'स्कारफेस'मध्ये अल पचिनो फेसात बसून सिगार ओढतो. २००५ साली लक्सच्या जाहिरातीत आपला शाहरुख गुलाबाच्या पाकळ्यांत बसला. पाणी कुणी भरलं, कुणी तापवलं, हे कॅमेरा दाखवत नाही.

आता गंमत ऐका. बुडबुड्यांच्या टबाला ज्यांचं नाव चिकटलं ते जकूझी बंधू इटलीतून अमेरिकेत गेलेले, विहिरीचे पंप बनवणारे. एकाच्या पोराचे सांधे आखडले, म्हणून बापानं टबात सोडायचा पंप केला. औषध होतं ते! १९६८ला पंप टबाच्या अंगातच बसवला अन् औषधाची ऐश झाली.

सांधे आमच्याकडं कुणाचे दुखतात? पाथर्डीहून कोयता घेऊन निघालेल्या बाईचे. अंधारात ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकवर चढायचं. आंघोळीला एक बादली, तीही पाचट जाळून कोमट केलेली. भंडारदऱ्याचं धरण १९२६ला झालं, प्रवरेचं पाणी उसाला गेलं. अन् पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२७ला, महाडला ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला!

मोठ्या टबाला दीड हजार लिटर धरा. टंचाईत टँकरचा सरकारी हिशेब खेड्यात माणशी रोज २० लिटर. म्हणजे एका टबात तिचे ७५ दिवस.

टब नको, असं मी म्हणणार नाही. दुखणं तिचं, तर औषधही तिचंच. कारखान्याच्या तळावर कोप्या पडतात, तिथं गरम पाण्याची न्हाणी मागा. बॉयलर रात्रंदिवस पेटलेला असतो, वाफेला काय तोटा?