औषधदानाचा ताळेबंद



विक्री वाढली म्हणजे नफा झाला, असे नव्हे. ते नफा-तोटा पत्रकच सांगते. औषधदानाचेही तसेच आहे. खुपरी या सांसर्गिक नेत्ररोगाविरुद्ध भारताने १९६३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्याचे यश वाटलेल्या मलमावरून ठरले नाही. २०१४ ते २०१७ या काळातील पाहणीत निवडक जिल्ह्यांतील १ ते ९ वर्षांच्या बालकांचे डोळे तपासले गेले. रोगाचे प्रमाण ५ टक्क्यांखाली हवे होते, ते ०.७ टक्के आढळले. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही या निर्मूलनावर शिक्कामोर्तब केले.

सुवर्णमहोत्सवानंतर आपल्या नेत्रशिबिरांतील रुग्णांचीही काही महिन्यांनी फेरतपासणी व्हावी. किती दिले याबरोबरच किती डोळे बरे झाले, हेही अहवालात यावे. जय जिनेंद्र!