रंग आणि रक्त



मनुष्याचा वंश रक्तांतच लिहिलेला असतो, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो समाज लिहितो. अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यानें १९२४ सालीं असा कायदा केला कीं, पूर्वजांत एकहि कृष्णवर्णीय आढळल्यास, मनुष्य कितीहि गोरा दिसो, तो गोरा गणला जाऊं नये व गोऱ्यांशीं त्याचा विवाह होऊं नये. ही विवाहबंदी तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं मोडली. ब्राझीलांत मात्र पूर्वजांपेक्षां दिसणारा वर्ण पाहतात. शिरगणतींत तो ज्यानें त्यानें सांगावयाचा. त्यामुळें एका मातेचीं दोन लेकरें निराळ्या सदरांत पडूं शकतात. तेथें सर्व समता नांदते असें मात्र नव्हे. गुलामगिरी तेथें १८८८ पर्यंत टिकली, आणि काळ्या वर्णाची अवहेलना अद्यापि सरलेली नाहीं.

जी गोष्ट समुद्र ओलांडतांच बदलते, ती ईश्वराची आज्ञा कशी म्हणावी? आम्हीहि निर्दोष नाहीं. एका वेदीपाशीं गुडघे टेकून आम्ही घरीं परततों, आणि सोयरीक निघतांच प्रथम विचारतों, "मुलगी गोरी आहे ना?" या ज्युबिलीपासून हा प्रश्न आपल्या घरांतून उठूं नये, एवढीच आमची प्रार्थना.