मोती कुणाचा, भाव कुणाचा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)

हिशोब वाचून झाला, आता एक गोष्ट सांगते.

मेक्सिकोत ला पाझ नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथं मोठा मोती सापडलेल्या एका पोराची लोककथा सांगायचे. ती जॉन स्टाइनबेक या अमेरिकन लेखकाने ऐकली आणि तिच्यावरून ‘द पर्ल’ ही छोटी कादंबरी लिहिली. १९४७ साली पुस्तक आलं.

किनो बुडी मारून मोती काढणारा, जुआना त्याची बायको. बाळाला विंचू चावतो. डॉक्टर, पैसे नाहीत म्हणून, दारातूनच परत पाठवतो. मग किनोला भलामोठा मोती सापडतो, आणि तोच डॉक्टर आपल्या पायाने झोपडीत येतो! किनो म्हणतो, चर्चमध्ये लग्न लावू, बंदूक घेऊ, पोराला शाळेत घालू. पोराला शाळा हवी, ही काय हाव झाली? मला नाही वाटत.

मोती विकायला गेला तर पहिला व्यापारी म्हणतो, हजार पेसो. दुसरा घेतच नाही. शेवटचा पाचशेच म्हणतो. बसायला वेगवेगळे, पण आतून सगळ्यांचा मालक एकच. तूर विकून आलेल्या बाईला हे मी काय समजावू?

किनोचा भाऊ एक जुनी हकीकत सांगतो, तिथं मी वाचता वाचता थांबले. पूर्वी गावाने ठरवलं होतं, सगळ्यांचे मोती एका माणसाकडे देऊन राजधानीत विकायचे. तो माणूस परत आलाच नाही. दुसरा पाठवला, तोही गेला. मग लोकांनी ती रीतच सोडली. अगं, विचार बरोबर होता की! पण सगळा माल एकट्याच्या हातात. आपल्याकडे पैसे काढायला एकटीची सही का चालत नाही, म्हणून काही जणी कुरकुरतात ना, त्यांनी हे पान वाचावं.

जुआनाने पहिल्याच रात्री सांगितलं होतं, फेकून दे हा मोती. पुढे ती स्वतः फेकायला निघाली तर किनोने तिला मारलं. शेवटी होडी फुटली, घर जळलं, बाळ गोळी लागून गेलं. दोघं किनाऱ्यावर परत येतात. किनो मोती तिच्यापुढे धरतो. ती म्हणते, नाही, तूच टाक.

तिने असं का म्हटलं असेल? चहा घेताना बोलूया.